नव्याण्णव पर्सेंटाइल, पण आयआयटीचे काय?

प्रवेशाची शक्यता मोजताना विद्यार्थी आणि पालक नेमके कुठे चुकतात, याचा आढावा

मुंबई, विशेष प्रतिनिधी

एप्रिलच्या उत्तरार्धात जेईई मेनचा निकाल लागतो आणि मुंबई, ठाणे, पुण्यातील गृहसंकुलांत पेढ्यांचे पुडे फिरू लागतात. मुलाला किंवा मुलीला ९९ पर्सेंटाइल मिळाले, ही बातमी नातेवाइकांपर्यंत पोहोचते, तोवर तिचा अर्थ 'आयआयटी पक्की' असा झालेला असतो. पुढच्या दीड महिन्यात हा अर्थ हळूहळू विरत जातो. जेईई अॅडव्हान्स्डचा निकाल लागतो, हाती एक क्रमांक येतो आणि त्या क्रमांकावर पवईची आयआयटी तर सोडाच, कोणतीही आयआयटी मिळेल की नाही, याची घरात चर्चा सुरू होते. ज्या घरात पेढे वाटले, त्याच घरात जूनमध्ये पडलेले चेहरे दिसतात. मुलाने काही कमी केलेले नसते. फक्त आकडा चुकीचा वाचलेला असतो.

प्रवेशाची शक्यता किती, हा प्रश्न आज लाखो कुटुंबांच्या खर्चाशी, वेळेशी आणि मनःस्वास्थ्याशी जोडला गेला आहे. दहावीनंतर 'इंटिग्रेटेड' कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालायचे की नेहमीच्या, कोटा किंवा हैदराबादला पाठवायचे की नाही, बारावीनंतर एक वर्ष थांबायचे की मिळेल तो प्रवेश घ्यायचा, हे सारे निर्णय याच अंदाजावर घेतले जातात. हा अंदाज बांधण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती सरकारी संकेतस्थळांवर खुली आहे. तरीही तो सहसा शेजारच्या मुलाच्या निकालावरून, नाही तर क्लासच्या जाहिरातीवरून बांधला जातो. या पार्श्वभूमीवर हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

पहिला घोळ शब्दाचाच आहे. जेईई मेनची परीक्षा २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजेच एनटीए घेते. परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने थेट गुणांची तुलना करता येत नाही. म्हणून एका सत्रातील विद्यार्थ्याची तुलना त्याच सत्रातील इतरांशी केली जाते. त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, ते प्रमाण म्हणजे पर्सेंटाइल. ९९ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९९ गुण नव्हेत. शंभरांत साधारण एक जण आपल्या पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हा एक जण किती मोठा असतो, ते पाहू. २०२५ मध्ये जेईई मेनला १४,७५,१०३ विद्यार्थी बसले. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे पावणेपंधरा हजार. म्हणजे ९९ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढे देशभरात जवळपास तेवढे विद्यार्थी होते. २०२३ मध्ये हीच परीक्षा ११,१३,३२५ जणांनी दिली होती. तेव्हा ९९ पर्सेंटाइलपुढची रांग साधारण ११,१०० जणांची होती. पर्सेंटाइल तेच राहिले, रांग मात्र दोन वर्षांत साडेतीन हजारांनी लांबली. गेल्या वर्षी दादाला इतक्या पर्सेंटाइलला नागपूरचे व्हीएनआयटी मिळाले, मग यंदा बहिणीला का नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. जागा क्रमांकावर मिळतात, पर्सेंटाइलवर नव्हे. परीक्षार्थींची संख्या वाढली की तेच पर्सेंटाइल मागच्या क्रमांकावर जाऊन बसते.

याहून महत्त्वाची बाब अशी की, जेईई मेनचा क्रमांक आयआयटीच्या प्रवेशात धरलाच जात नाही. २०१३ पासून परीक्षेचे दोन टप्पे झाले. मेन हा आयआयटीसाठी केवळ उंबरठा आहे. तो ओलांडला की मेनचे पर्सेंटाइल ९९.९ असो वा ९४, अॅडव्हान्स्डच्या प्रश्नपत्रिकेपुढे दोघेही सारखेच. मेनचा क्रमांक उपयोगी पडतो तो एनआयटी, आयआयआयटी आणि केंद्राच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या इतर संस्थांसाठी.

तीन टक्केवाऱ्या, तिन्ही फसव्या

२०२५ च्या आकड्यांवरून हा सारा प्रवास डोळ्यांसमोर येतो. मेन देणारे पावणेपंधरा लाख. त्यातून अॅडव्हान्स्डसाठी पात्र ठरवले जातात सर्व प्रवर्ग मिळून सुमारे अडीच लाख. खुल्या प्रवर्गासाठी त्या वर्षीचा उंबरठा ९३.१० पर्सेंटाइलचा होता. इतर प्रवर्गांसाठी तो वेगवेगळा. प्रत्यक्ष नोंदणी केली १,८७,२२३ जणांनी. म्हणजे पात्र ठरूनही ६० हजारांहून अधिक विद्यार्थी त्या वाटेला गेलेच नाहीत. दोन्ही प्रश्नपत्रिका दिल्या १,८०,४२२ जणांनी. गुणवत्ता यादीत नाव आले ५४,३७८ जणांचे आणि सर्व २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १८,१६०.

आता या एकाच आकडेवारीतून तीन निरनिराळ्या शक्यता निघतात. मेन देणाऱ्यांच्या तुलनेत जागा जेमतेम सव्वा टक्का. अॅडव्हान्स्ड देणाऱ्यांच्या तुलनेत दहा टक्के. गुणवत्ता यादीत नाव आलेल्यांच्या तुलनेत तेहतीस टक्के. निराश पालक पहिला आकडा सांगतो, क्लासचा समुपदेशक दुसरा किंवा तिसरा. गणित म्हणून तिन्ही आकडे बरोबर आहेत. मात्र एखाद्या विद्यार्थ्याची शक्यता म्हणून तिन्ही निरुपयोगी आहेत.

याचे कारण उघड आहे. प्रवेश ही सोडत नव्हे. म्हाडाच्या घरांसाठी दहा अर्जदारांमागे एक घर असेल, तर प्रत्येकाची शक्यता दहा टक्के असते. येथे तसे नाही. अॅडव्हान्स्डच्या सराव चाचण्यांत सातत्याने चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यार्थ्याची शक्यता दहा टक्क्यांच्या कितीतरी वर असते आणि मेनचा उंबरठा कसाबसा ओलांडलेल्याची त्याहून कितीतरी खाली. सरासरीवरून स्पर्धा किती तीव्र आहे, ते कळते. त्या स्पर्धेत आपण कुठे उभे आहोत, ते कळत नाही.

दुसरी गफलत 'उत्तीर्ण' या शब्दाभोवती होते. अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव येणे म्हणजे आयआयटी मिळणे नव्हे. २०२५ मध्ये यादीतील प्रत्येक तीन जणांमागे जागा एकच होती. निकालाच्या दिवशी 'क्वालिफाय झाला' हे ऐकून अभिनंदन करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. विद्यार्थ्याला ती ठाऊक असते, पण त्या क्षणी सांगण्याचा धीर होत नाही.

गुणांवरून अंदाज का चुकतो?

परीक्षा संपल्यावर उत्तरतालिका येते, गुणांची बेरीज होते आणि महाजालावरील 'रँक प्रेडिक्टर' उघडले जातात. गेल्या वर्षी इतक्या गुणांना कोणता क्रमांक मिळाला होता, हे पाहून ते यंदाचा क्रमांक सांगतात. अॅडव्हान्स्डच्या बाबतीत ही पद्धत किती धोक्याची आहे, हे गुणवत्ता यादीच्या किमान गुणांवरूनच दिसते. खुल्या प्रवर्गासाठी ३६० पैकी किमान गुण २०२२ मध्ये ५५ होते, २०२३ मध्ये ८६, २०२४ मध्ये १०९ आणि २०२५ मध्ये ७४. चार वर्षांत हा आकडा दुप्पट झाला आणि पुन्हा घसरला. ही परीक्षा दरवर्षी वेगळी आयआयटी आलटून-पालटून घेते आणि प्रश्नपत्रिकेचा कस दरवर्षी बदलतो.

याचा अर्थ असा की, २०२४ मध्ये १०५ गुण मिळवणारा खुल्या प्रवर्गातील विद्यार्थी यादीबाहेर राहिला. तेवढेच गुण २०२५ मध्ये मिळवणारा मात्र किमान गुणांच्या ३१ गुण वर होता. शेजारच्या मुलाला १०५ गुण मिळूनही काही झाले नाही, हे ऐकून २०२५ च्या विद्यार्थ्याने धीर सोडला असता, तर ती मोठी चूक ठरली असती. उलट २०२३ च्या तक्त्यावरून २०२४ मध्ये निश्चिंत राहिलेल्यांचा भ्रमनिरास झाला. त्यामुळे परीक्षा आणि निकाल यांच्यामधल्या दिवसांत गुणांवरून भविष्य पाहण्यापेक्षा क्रमांक हाती येईपर्यंत थांबलेले बरे.

शेवटचा क्रमांक कसा वाचावा?

क्रमांक मिळाल्यावर मात्र चित्र बरेच स्पष्ट होते. आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय संस्थांचे प्रवेश २०१५ पासून 'जोसा' म्हणजे संयुक्त जागावाटप प्राधिकरणामार्फत एकत्रित होतात. प्रत्येक संस्थेतील प्रत्येक शाखेत, प्रत्येक प्रवर्गात आणि प्रत्येक फेरीत पहिला आणि शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, याची मागील वर्षांची माहिती या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. शक्यता मोजण्याचे याहून भरवशाचे साधन दुसरे नाही. मात्र ते वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य म्हणजे आपल्याच रकान्यात पाहणे. खुल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक सर्वसाधारण यादीतील असतो, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एससी आणि एसटी प्रवर्गांचे क्रमांक त्या-त्या प्रवर्गाच्या यादीतील असतात. दोन्हींची सरमिसळ केली की अंदाज पार कोलमडतो. मुलींसाठीच्या अतिरिक्त जागांचा रकानाही वेगळा आहे. आयआयटींतील मुलींचे प्रमाण वाढावे म्हणून २०१८ मध्ये १४ टक्क्यांपासून ही योजना सुरू झाली आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्यात आली. एकाच शाखेत या जागांचा शेवटचा क्रमांक सहसा बराच खाली असतो. तरीही अनेक घरांत मुलीची शक्यता मोजताना सर्वांसाठीच्या रकान्यातील आकडा पाहिला जातो आणि हाती येऊ शकणारी शाखा यादीत लिहिलीच जात नाही. एनआयटींमध्ये निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे नागपूरच्या व्हीएनआयटीचे महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांसाठीचे शेवटचे क्रमांक वेगळे पाहावे लागतात. आयआयटींत असा राज्यनिहाय कोटा नाही. पवईत राहणाऱ्याला पवईच्या आयआयटीत कोणतेही झुकते माप मिळत नाही.

दुसरे पथ्य म्हणजे संस्था नव्हे, तर शाखा पाहणे. 'आयआयटी मुंबईला किती रँक लागतो' या प्रश्नाला एक उत्तर नाही. तेथील कॉम्प्युटर सायन्स खुल्या प्रवर्गात २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी सत्तराव्या क्रमांकाच्या आतच संपले. त्याच संकुलात इलेक्ट्रिकल काही शेंच्या क्रमांकापर्यंत, मेकॅनिकल दीड-दोन हजारांपर्यंत, तर सिव्हिल चार हजारांच्या आसपास पोहोचते. म्हणजे एकाच प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या क्रमांकांत हजारोंचे अंतर असू शकते. कोणती शाखा चालेल आणि कोणती अजिबात नको, हे घरात आधी ठरले नसेल, तर शक्यतेच्या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

तिसरे पथ्य म्हणजे एका वर्षावर विसंबू नये. शेवटचा क्रमांक दरवर्षी हलतो आणि त्याची कारणे विद्यार्थ्याच्या हाती नसतात. जागा वाढतात, नव्या शाखा निघतात, एखाद्या शाखेची मागणी अचानक चढते किंवा उतरते. २०१७ मध्ये आयआयटींत सुमारे अकरा हजार जागा होत्या. त्या २०२५ पर्यंत अठरा हजारांच्या पुढे गेल्या. २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस आरक्षण आले. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिरुपती, पलक्कड, भिलाई, जम्मू आणि धारवाड या पाच आयआयटींच्या विस्ताराला मंजुरी दिली असून चार वर्षांत सर्व स्तरांवर मिळून साडेसहा हजार जागा वाढवण्याचे ठरले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी आयआयटीत गेलेल्या मामेभावाचा अनुभव आज फारसा कामाचा नाही.

यावर व्यवहार्य मार्ग असा की, हव्या असलेल्या प्रत्येक शाखेचे तीन वर्षांचे शेवटचे क्रमांक शेजारी-शेजारी मांडावेत. समजा, एखाद्या शाखेत ते ३,९००, ४,२०० आणि ४,५०० असे आहेत. स्वतःचा क्रमांक ३,३०० असेल, तर ती शाखा बऱ्यापैकी खात्रीची मानता येईल, कारण सर्वांत कठीण वर्षीही ती मिळाली असती. क्रमांक ४,१०० असेल, तर पारडे कोणत्याही बाजूला झुकू शकते. ५,५०० असेल, तर ती केवळ आशा आहे. खात्रीच्या, काठावरच्या आणि आशेच्या अशा तीन गटांत शाखा विभागल्या की 'मिळेल का' या धूसर प्रश्नाची जागा डोळ्यांसमोरची यादी घेते.

जाहिरातीतील छायाचित्रे

क्रमांक हाती येण्याआधी, म्हणजे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत, अंदाजाला आधार असतो तो सराव चाचण्यांचा. येथेही जपून पावले टाकायला हवीत. क्लासमधील चाचणीत पन्नासावा क्रमांक आला, तर त्या चाचणीला कोण बसले होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. निवडक विद्यार्थ्यांच्या तुकडीतील पन्नासावा आणि एका शाखेतील सर्व विद्यार्थ्यांतील पन्नासावा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका चाचणीचे गुणही फारसे काही सांगत नाहीत. आठ-दहा चाचण्यांतील नीचांक आणि उच्चांक यांच्यामधला पट्टा पाहिला, तर परीक्षेच्या दिवशी काय घडू शकते, याची कल्पना येते. पालक बहुधा उच्चांक लक्षात ठेवतात आणि विद्यार्थी नीचांक. निर्णय मात्र मधल्या पट्ट्यावर घ्यायला हवा.

शहरभर लागलेले फलक तर फक्त अर्धी माहिती देतात. किती विद्यार्थी निवडले गेले, हे त्यावर ठळक असते. किती जणांनी पैसे भरून प्रवेश घेतला होता, हे कुठेच नसते. अंश दाखवायचा आणि छेद झाकायचा, अशी ही रीत आहे. पाच हजारांतून शंभर निवडले जाणे आणि दोनशेंतून शंभर निवडले जाणे, या दोन्हींची जाहिरात एकसारखीच दिसते. त्यातच फलकावरील विद्यार्थी दोन वर्षे तेथे शिकला की शेवटच्या महिन्यात केवळ सराव चाचण्यांना बसला, हेही कळत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. निवडीची हमी देण्यास मनाई, यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे सांगण्याची सक्ती आणि त्याचे छायाचित्र वापरण्याआधी संमती, या तरतुदी त्यात आहेत. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये आणि गुणांची वा क्रमांकाची फसवी आश्वासने देऊ नयेत, अशा सूचना राज्यांना पाठवल्या होत्या. मात्र कागदावरील नियमांपेक्षा पालकाने प्रवेशाच्या टेबलावरच विचारलेला एक प्रश्न अधिक परिणामकारक ठरू शकतो: गेल्या वर्षी या तुकडीत एकूण किती विद्यार्थी होते?

पसंतीक्रमाचा डाव

शक्यतेचा अंदाज चुकल्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो पसंतीक्रम भरताना. 'मिळणार नाही ते वर कशाला लिहायचे, जागा वाया जाईल,' असा सल्ला सर्रास दिला जातो. जोसाच्या प्रक्रियेत हा सल्ला साफ चुकीचा आहे.

या जागावाटपाच्या मुळाशी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत आहे. स्थिर जोड्या लावण्याच्या या सिद्धान्तावरील कामासाठी शॅप्ली आणि अॅल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. साध्या भाषेत सांगायचे, तर संगणक आधी विद्यार्थ्याच्या पहिल्या पसंतीचा विचार करतो. ती त्याच्या क्रमांकावर मिळत नसेल, तर दुसरीकडे, मग तिसरीकडे वळतो. तिसऱ्या पसंतीच्या जागेवर त्याचा हक्क ठरतो तो केवळ क्रमांकावरून. ती त्याने तिसरी लिहिली की तिसावी, याने काही फरक पडत नाही. म्हणून वरच्या ओळींत आशेच्या शाखा लिहिल्याने खालच्या शाखांतील शक्यता तसूभरही कमी होत नाही. उलट मिळेल ते वर आणि हवे ते खाली लिहिले, तर हवे ते मिळण्याजोगे असूनही कायमचे हातचे जाऊ शकते. पसंती किती भराव्यात यावर मर्यादाही नाही. थोडक्यात, यादीचा क्रम मनातील आवडीप्रमाणे असावा. शक्यतेच्या अंदाजाचा उपयोग फक्त यादीचा तळ पुरेसा खोल आहे ना, हे तपासण्यासाठी करावा.

जागा मिळाल्यानंतर 'फ्रीझ', 'फ्लोट' आणि 'स्लाइड' हे तीन पर्याय असतात. मिळालेले समाधानकारक असेल, तर पहिला. वरच्या कोणत्याही पसंतीची वाट पाहायची असेल, तर दुसरा. त्याच संस्थेत वरची शाखा हवी असेल, तर तिसरा. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप सुटते आणि ती परत मिळत नाही. पसंतीक्रम घाईघाईत भरलेल्या अनेकांना या नियमाचा अर्थ जागा गेल्यावर कळतो.

राज्याच्या एमएचटी-सीईटीवर आधारित प्रवेशात नियम वेगळे आहेत आणि ते दोन्हींची गल्लत करणाऱ्यांना महागात पडतात. २०२५ मध्ये अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाल्यास तो प्रवेश घेणे बंधनकारक करण्यात आले. अशा वेळी मनापासून नको असलेले महाविद्यालय केवळ 'असू द्या' म्हणून वरच्या ओळींत टाकले, तर तेच गळ्यात पडते. नियम दरवर्षी बदलू शकतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवापेक्षा त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचणे हाच उपाय.

थांबावे की पुढे जावे?

अंदाजाची खरी कसोटी लागते ती क्रमांक अपेक्षेहून खाली आल्यावर. एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करावा का? अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा तीन करण्याची घोषणा झाली आणि अवघ्या तेरा दिवसांत ती मागे घेतली गेली. मधल्या काळात घोषणेवर विसंबून सुरू असलेले शिक्षण सोडलेल्या विद्यार्थ्यांना जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. पण एका घोषणेवर आयुष्याचा निर्णय घेणे किती जोखमीचे असते, याचा तो धडा होता.

शिवाय एकदा आयआयटीतील जागा स्वीकारून ती वेळेत सोडली नाही, तर पुढच्या वर्षी अॅडव्हान्स्ड देता येत नाही. त्यामुळे न आवडणारी शाखा 'तात्पुरती' घेऊन ठेवण्याचा मार्ग तसा बंदच आहे. बारावीत ७५ टक्के किंवा मंडळाच्या सर्वोच्च २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट, एससी आणि एसटीसाठी ६५ टक्के, हीदेखील अनेकांच्या हिशेबात नसते. कोविडकाळात शिथिल झालेली ही अट २०२३ पासून पुन्हा लागू झाली. जानेवारी आणि एप्रिलच्या मेनमध्ये बारावीची लेखी परीक्षा येते. तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला उत्तम क्रमांक मिळूनही दार बंद होऊ शकते.

थांबण्याचा निर्णय घेताना 'आणखी थोडा अभ्यास केला तर होईल' एवढे पुरेसे नाही. पहिल्या वेळी नेमके काय कमी पडले, हे सांगता आले पाहिजे. अभ्यासक्रमाचा मोठा भाग राहिला असेल, आजारपण आले असेल, तर वर्षभरात सुधारणेला वाव असतो. सारे करूनही आठ-दहा चाचण्यांचा पट्टा एकाच जागी राहिला असेल, तर आणखी एक वर्ष तो पट्टा फारसा हलवेलच असे नाही. या निर्णयाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. २०२३ या एका वर्षात कोटा येथे वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्यामागची कारणे एकसारखी नसतील. तरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर न पेलणारा अंदाज ठेवताना या आकड्याचा विसर पडू देता येणार नाही.

आयआयटी नाही म्हणजे सारे संपले, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. पुण्याचे सीओईपी १८५४ पासूनचे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ पासूनचे. माटुंग्याच्या आयसीटीने रसायन उद्योगाला अनेक पिढ्या तंत्रज्ञ पुरवले. विज्ञानाची ओढ असलेल्यांसाठी पुण्याच्या आयसरची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. पदवीनंतर 'गेट' देऊन आयआयटीत एम. टेक. करण्याची वाट खुली राहते. मद्रासच्या आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम तर जेईईशिवाय करता येतो. अठराव्या वर्षी बंद झालेले दार बावीसाव्या वर्षी दुसऱ्या बाजूने उघडते, हे पालकांनी मुलाला निकालानंतर नव्हे, तर निकालाआधी सांगायला हवे.

प्रवेशाची शक्यता मोजणे म्हणजे भविष्य वर्तवणे नव्हे. आपण कोणत्या रांगेत, साधारण कुठे उभे आहोत आणि ती रांग कुठवर पोहोचते, एवढेच त्यातून कळते. ते आधी कळले, तर दहावीनंतरचा खर्च, बारावीनंतरचे वर्ष आणि पसंतीक्रमाची यादी या तिन्ही गोष्टी डोळसपणे ठरवता येतात. ९९ पर्सेंटाइलचे पेढे जरूर वाटावेत. ते मुलाने दोन वर्षे केलेल्या मेहनतीचे आहेत. आयआयटीच्या नावाने मात्र ते वाटू नयेत.